दार उघडणारा मुलगा

‘द पर्ज’ पाहून उठलेल्या माणसाला चित्रपट कसा वाटला असे विचारले, तर तो कथानकाकडे नंतर वळतो. आधी सँडिन कुटुंबाचा उद्धार करतो. मुलगा अगोचर, मुलगी बेजबाबदार, बाप ऐन वेळी कच खाणारा, आई हातात टॉर्च धरून अंधाऱ्या खोल्यांतून भटकणारी. बाहेर मुखवटे घातलेली टोळी उभी आहे, आणि एका घरातली चार माणसे एका खोलीत कडी लावून बसू शकत नाहीत. सारखी एकमेकांपासून तुटतात, सारखी एकमेकांना हाका मारतात. प्रेक्षकाला वाटते, आपण तिथे असतो तर पाच मिनिटांत सगळे मार्गी लावले असते. ही तक्रार खोटी नाही आणि ती मोडीत काढण्यासाठी ही प्रस्तावना लिहिलेली नाही. मला तपासायचा आहे तो त्या तक्रारीतला राग. तो नेमका कुणावर निघतो, केव्हा निघतो, आणि वर्षातून एक रात्र खुनालाही मुभा देणाऱ्या चित्रपटातल्या भयंकर कायद्याशी त्याचे नाते किती जवळचे आहे, हे पाहिले की सँडिन कुटुंबाचा वैताग हा चित्रपटाचा निव्वळ दोष राहत नाही. चित्रपटाला जे म्हणायचे आहे, त्याचा बराचसा भाग त्या वैतागातच दडलेला सापडतो.

लेखक-दिग्दर्शक जेम्स डिमोनॅको यांचा हा चित्रपट अमेरिकेत 7 जून 2013 रोजी प्रदर्शित झाला. लांबी 85 मिनिटे, खर्च सुमारे 30 लाख डॉलर, जगभरची कमाई 9 कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चणे-फुटाण्यांच्या पैशात केलेला आणि घबाड मिळवून दिलेला चित्रपट. कथा घडते 21 मार्च 2022 च्या रात्री. ‘न्यू फाउंडिंग फादर्स’ म्हणवणाऱ्या राजवटीने वर्षातून एकदा, संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, खुनासकट सर्व गुन्ह्यांना मोकळीक दिली आहे. या बारा तासांत पोलीस येत नाहीत, रुग्णवाहिका येत नाही, इस्पितळाचे दार उघडत नाही. फक्त वरच्या दर्जाच्या सरकारी अधिकाऱ्यांना हात लावायचा नाही आणि ठरावीक वर्गापलीकडची शस्त्रे वापरायची नाहीत, एवढीच काय ती नियमावली. या बदल्यात, सरकार सांगते, बेकारी 1 टक्क्यावर आली आहे आणि उरलेल्या वर्षात गुन्हे जवळपास संपले आहेत. जेम्स सँडिन (ईथन हॉक) घरांना सुरक्षा यंत्रणा विकतो. त्या वर्षी त्याची विक्री सर्वाधिक झाली आहे. रात्री दारे-खिडक्यांवर पोलादी पत्रे उतरतात, पडद्यावर बाहेरचा रस्ता दिसू लागतो, आणि थोड्याच वेळात त्या रस्त्यावर रक्तबंबाळ अवस्थेतला एक काळा माणूस मदतीसाठी ओरडत येतो. जेम्सचा मुलगा चार्ली यंत्रणा बंद करून त्याला आत घेतो. पुढचे सगळे रामायण त्या एका कळीवरून घडते.

चित्रपटाच्या नावाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ‘पर्ज’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे: विरेचन. वैद्याच्या लेखी ते कोठा साफ करणे. साहित्यसमीक्षेत ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’साठी आपण हाच शब्द वापरत आलो आहोत. भय आणि करुणा यांचा निचरा होऊन प्रेक्षक हलका होतो, ही ती कल्पना. चित्रपटातले सरकार ॲरिस्टॉटलचे तत्त्व नाट्यगृहातून उचलून दंडसंहितेत नेते: माणसाच्या पोटात हिंसा साठते, तिला वर्षातून एकदा वाट करून दिली की बाकीचे दिवस समाज निरोगी राहतो. आता गंमत अशी, की घरात घुसलेल्या हल्लेखोरांचे थरारपट नेमका हाच व्यापार करत आले आहेत. घर वेढले जाते, घरातली भली माणसे बराच वेळ सोसतात, आणि शेवटी आपण टाळ्या वाजवाव्यात अशा रीतीने ती हल्लेखोरांना चिरडतात. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या 1909 च्या ‘द लोन्ली व्हिला’त दरोडेखोर दार फोडत असतात, आई मुलींना घेऊन आत कोंडून घेते, आणि नवरा धापा टाकत वेळेवर घरी पोहोचतो; तेव्हापासून या प्रकाराने प्रेक्षकाचा कोठा साफ करण्याची हमी दिलेली आहे. सँडिन कुटुंब ती हमी पाळत नाही. त्यांना धड पळता येत नाही, धड लढता येत नाही, धड दुष्ट होता येत नाही. प्रेक्षक ज्या मोकळेपणासाठी तिकीट काढतो तो मोकळेपणा ही माणसे पुनःपुन्हा लांबणीवर टाकतात आणि त्याची चीड त्यांच्यावरच निघते. पहिल्या शनिवार-रविवारी तुडुंब चाललेल्या या चित्रपटाचा गल्ला दुसऱ्या आठवड्यात पार कोसळला, त्यामागे हा अपेक्षाभंग काही अंशी तरी असावा असे मला वाटते.

जेम्सपासून सुरुवात करू, कारण सर्वांत ठळक नाकर्तेपण त्याचे आहे. तो दुष्ट नाही. तो कायद्याला मानतो, घरापुढे पाठिंब्याची निळी फुले ठेवतो, स्वतः मात्र कुणाला मारायला बाहेर पडत नाही. आपल्याला गरज वाटत नाही, पण ज्यांना वाटते त्यांचा तो हक्क आहे, अशी त्याची सभ्य भूमिका. वर्षानुवर्षे त्या रात्री त्याचे काम एकच राहिले आहे: कळ दाबायची आणि काही करायचे नाही. विचार करण्याची जबाबदारी त्याने पत्र्यांवर सोपवली आहे, आणि ते पत्रेच तो शेजाऱ्यांना विकतो. टोळी दाराशी आल्यावर मात्र त्याला बायकोपुढे कबूल करावे लागते, की ही यंत्रणा घाबरवण्यापुरती आहे. कुणी खरोखर जोर लावला तर ती टिकेलच असे नाही. चित्रपटातला हा मला सर्वांत बोलका क्षण वाटतो. ज्या माणसाने आख्ख्या वसाहतीला निर्धास्तपणा विकला, त्याला त्या मालाची खरी किंमत पहिल्यापासून ठाऊक होती. अशा माणसाने संकटात चपळ, मुत्सद्दी, धीरोदात्त वागावे अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? निर्णय घेण्याची सवयच त्याने मोडून टाकली आहे. 

आता चार्ली. प्रेक्षकाच्या शिव्यांचा मोठा वाटा याच्या वाट्याला येतो, आणि इथेच ती चीड संशयास्पद ठरते. त्या रात्री त्या वसाहतीत मदतीची हाक किती घरांच्या पडद्यांवर ऐकू आली असेल? दार एकानेच उघडले, आणि आपण नेमके त्याच्यावर चिडतो. शिबी राजाची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. कबुतर मांडीवर येऊन बसते, मागून ससाणा येतो आणि म्हणतो, हे माझे भक्ष्य आहे, ते मला निसर्गाने नेमून दिले आहे, ते अडवण्याचा तुला अधिकार नाही. ससाण्याचा युक्तिवाद भावनेचा नाही, हक्काचा आहे, आणि त्याला उत्तर देणे खरोखर अवघड आहे. सँडिनच्या दाराशी आलेला टोळीचा म्होरक्या (रीस वेकफील्ड) असाच बोलतो. मुखवटा काढून, गोड हसून, शिकल्या-सवरल्या घरातल्या मुलासारखा. आत घेतलेला माणूस बेघर आहे, त्याने आमच्यावर उलटून हात उगारण्याचे धाडस केले, त्याला ठार करण्याचा आमचा कायदेशीर हक्क आहे. तुम्ही आमच्यातलेच आहात, तेव्हा तो आमच्या हवाली करा, नाहीतर दार फोडायची अवजारे येताच आम्ही आत येऊ. याच संभाषणात मध्येच शिवीगाळ करणाऱ्या स्वतःच्या साथीदाराला तो गोळी घालतो, कारण ते असभ्य वर्तन झाले! पुराणातल्या राजाने तराजूत स्वतःचे मांस घातले. सँडिन पती-पत्नी आधी त्या जखमी माणसाला शोधतात, पकडतात, बांधतात. तो आवरत नाही म्हणून मेरी (लीना हीडी) त्याच्या जखमेत धारदार वस्तू खुपसते. मुले हे बघत उभी असतात. त्या क्षणी ‘बांधा लवकर, टाका बाहेर’ असे ज्या प्रेक्षकाला मनातून वाटते, आणि बहुतेकांना वाटतेच, त्याची आणि दाराबाहेरच्या म्होरक्याची मागणी शब्दशः एक झालेली असते.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. राग चार्लीच्या दयेचा नाही, त्याच्या पद्धतीचा आहे. बापाला न सांगता यंत्रणा बंद केली, आत आलेल्या माणसाला आपल्या लपायच्या जागेत पोहोचवले, जळक्या बाहुलीचे डोके लावलेल्या एका चालत्या खेळण्याच्या कॅमेऱ्यातून सगळे पाहिले, आणि घरच्यांना अंधारात चाचपडत ठेवले. दयाळू असण्यासाठी इतके बिनडोक असण्याची गरज नाही. मान्य. पण पर्याय मांडून पाहा. बापाला विचारून दार उघडता आले असते का? नसते, हे जेम्सच्या पुढच्या वागण्यावरूनच सिद्ध होते. आईला? तिने मुलाला प्रेमाने कुशीत घेऊन दार बंदच ठेवले असते. ज्या घरात सदसद्विवेकाचा प्रश्न विचारायला जागाच नाही, तिथे तो चोरपावलांनी आणि अर्धवट रीतीने कृतीत येतो. चार्लीला दार उघडायचे कुणी शिकवले नाही, तसे उघडल्यानंतर पुढे काय करायचे हेही शिकवले नाही. दया ही त्या समाजात सरावाबाहेर गेलेली गोष्ट आहे. ती करताना मुलाचा हात थरथरतो, काम बिघडते, यात मला पटकथेची चूक दिसत नाही. सफाईदारपणे, नियोजनपूर्वक वागणारे या चित्रपटात कोण आहे ते मोजा: मुखवटेवाले आणि शेजारी.

पूर्वसूरींशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होते. सॅम पेकिनपा यांच्या 1971 च्या ‘स्ट्रॉ डॉग्ज’मध्ये प्रसंग जवळजवळ हाच आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खेड्यात राहायला आलेला अमेरिकन गणितज्ञ (डस्टिन हॉफमन) एका माणसाला घरात आसरा देतो, आणि गावातले पिऊन तर्र झालेले लोक तो आमच्या हवाली कर म्हणून घराला वेढा घालतात. तोही आरंभी असाच चिडचिड आणणारा आहे: भिडस्त, पळपुटा, बायकोचे दुःख न दिसणारा. पण पेकिनपा त्याचे विरेचन करतात. शेवटच्या वेढ्यात तो गणितज्ञ एकेकाला संपवत जातो, हळूहळू त्याला त्यात गोडी लागते, आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर ओढला जातो. त्या गोडीवरूनही त्या चित्रपटावर वादंग माजले. मायकेल हानेके यांनी 1997 च्या ‘फनी गेम्स’मध्ये उलट टोक गाठले. अंडी मागायला आलेली, पांढरे हातमोजे घातलेली दोन अतिसभ्य मुले एका कुटुंबाचा छळ करतात, आणि सुटकेचा एकही क्षण प्रेक्षकाच्या पदरात टिकू दिला जात नाही. डिमोनॅको यांचा म्होरक्या त्या दोघांचा अमेरिकन धाकटा भाऊ शोभावा. ‘द पर्ज’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकतो आणि तिथेच त्याची अडचण आहे. हानेकेंचा करडेपणा त्याला परवडत नाही, पेकिनपांची उन्मादाची ओढ त्याला खुलेपणाने कबूल करवत नाही.

म्हणून काही ठिकाणी मी या चित्रपटाचा बचाव करणार नाही. थोरली मुलगी झोई आणि तिचा मित्र हेन्री यांचा सगळा पदर हा निव्वळ जुगाड आहे. मुलीच्या बापाने आपल्याला नाकारले म्हणून हेन्री घरात लपून राहतो, त्याच्याशी ‘बोलायचे’ म्हणून समोर येतो आणि थेट पिस्तूल चालवतो. जेम्स उलट गोळी झाडतो, मुलगा मरतो, आणि थोड्या वेळाने ते प्रेत कुणाच्या लक्षातही राहत नाही. नंतर झोई बराच वेळ घरात नुसती हरवलेली आहे, कारण तिला हरवून ठेवल्याशिवाय पुढचे अर्धे प्रसंग उभे राहत नाहीत. हा वैताग आधीच्या वैतागापेक्षा वेगळा आहे. हा पात्राचा नव्हे, लेखकाचा आळस आहे. तसेच ते ऐन क्षणी मागून गोळी सुटून हल्लेखोर कोसळण्याचे प्रकार; एकदा चालले असते, पण ही युक्ती पुनःपुन्हा वापरल्यावर ती नाटकातल्या ‘इतक्यात प्रवेश करतो’ या सूचनेसारखी वाटू लागते. आणि बिलियर्डच्या टेबलाभोवती जेम्स मुखवटेवाल्यांशी झुंजतो ती हाणामारी सरळसरळ टाळीसाठीच आहे. कायदा ज्याला शुद्धी म्हणतो तेच तिथे दिग्दर्शक प्रेक्षकाला वाटतो आहे. माझा मुद्दा यामुळे दुबळा होतो हे मला दिसते. पण लक्षात घ्या, त्या झुंजीत शौर्य दाखवल्यानंतर काही मिनिटांतच जेम्सच्या पोटात सुरा जातो. घरचा कर्ता पुरुष शेवटी सगळ्यांना वाचवतो, ही ग्रिफिथपासूनची लाच चित्रपट देऊ पाहतो आणि मग परत काढून घेतो.

दुसरा मोठा आक्षेप पात्रांवर नाही, कल्पनेवर आहे. वर्षातून बारा तास कायदा नसेल तर बाकीचे वर्ष शांत कसे राहील? आणि एवढी देशव्यापी कल्पना हाती असताना दिग्दर्शक एका घराच्या भिंतींत का अडकून पडला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातल्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चांतून हळूच येते: रात्रीत मरतात ते ज्यांना पत्रे विकत घेता येत नाहीत असे गरीब, आजारी, बेघर. बेकारीचा आकडा खाली येतो तो बेकारांना कामे मिळून नव्हे. पुढच्या चित्रपटांनी हे उघडच केले. 2018 च्या ‘द फर्स्ट पर्ज’मध्ये स्टेटन आयलंडवरच्या गरीब वस्तीतल्या लोकांना या रात्री बेटावर थांबण्यासाठी 5000 डॉलर देऊ केले जातात; लोक मात्र खून करण्याऐवजी रस्त्यावर नाचगाणी करतात, आणि मग सरकारला मुखवटे घातलेले भाडोत्री मारेकरी पाठवून आकडे जुळवावे लागतात. म्हणजे पोटात साठलेल्या हिंसेचा सिद्धान्तच खोटा. तो कोणीतरी हिशेबासाठी रचलेला. दुसऱ्या प्रश्नाबाबत मी प्रचलित मताच्या विरुद्ध आहे. 2014 चा दुसरा भाग ‘अ‍ॅनार्की’ शहराच्या रस्त्यांवर उतरला म्हणून तो अधिक परिपूर्ण, असे पुष्कळ जण मानतात. रस्त्यावर आपण बळींबरोबर पळतो, आणि बळीबरोबर पळताना आपली बाजू ठरलेली असते. पहिल्या चित्रपटात आपण लाभार्थ्याच्या दिवाणखान्यात बसतो. कायदा ज्यांच्या सोयीसाठी चालतो त्यांच्या टेबलावर जेवतो, त्यांच्या पडद्यावर बाहेरची धावपळ पाहतो. बाजू ठरवण्याची अडचण तिथेच उभी राहते, आणि सँडिनांचा राग येण्याचे एक कारण तेही आहे, की त्यांच्या जागी आपल्याला फार सहज बसता येते.

ही अडचण 2013 च्या अमेरिकन प्रेक्षकाला कल्पनेतली वाटण्याजोगी नव्हती. 26 फेब्रुवारी 2012 रोजी फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावी, कुंपण घातलेल्या एका वसाहतीत ट्रेव्हॉन मार्टिन हा 17 वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा वसाहतीवर पहारा ठेवणाऱ्या एका रहिवाशाच्या गोळीने मेला होता. ‘द पर्ज’ चित्रपटगृहांत असतानाच, जून 2013 मध्ये, त्या खटल्याची सुनावणी सुरू झाली आणि जुलैत आरोपी निर्दोष सुटला. स्वतःच्या घरात घुसणाऱ्यावर बळ वापरण्याचा घरमालकाचा हक्क अमेरिकन कायद्यात जुना आहे. फ्लोरिडाने 2005 मध्ये, धोका वाटल्यास माघार न घेता बळ वापरण्याची ती मुभा घराच्या उंबऱ्यापलीकडे नेली होती. चित्रपट त्या घटनेवर बेतलेला आहे असे मी म्हणत नाही. त्याची कल्पना डिमोनॅको यांना रस्त्यावरच्या एका बाचाबाचीनंतर पत्नीने सहज काढलेल्या उद्गारावरून सुचली, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. पण कुंपणाच्या आत, दिव्यांच्या उजेडात पळत आलेला एक काळा माणूस हा मदत मागणारा आहे की धोका, हे ठरवायला त्या पत्र्यांआडच्या कुटुंबाला जितके सेकंद लागतात, तितके सेकंद प्रेक्षकालाही लागतात. एडविन हॉज यांनी साकारलेल्या त्या माणसाच्या गळ्यात सैनिकाचे बिल्ले आहेत. ते दिसेपर्यंत कॅमेरा त्याला संशयितासारखेच दाखवतो. लपण्याच्या धडपडीत तो झोईवर पिस्तूल रोखतो तेव्हा तर ‘बघा, म्हटले नव्हते?’ असे प्रेक्षकाच्या तोंडी येते, आणि ज्याच्या मागे अख्खी टोळी लागली आहे त्याने आणखी काय करायला हवे होते याचा विचार मागाहून येतो.

शेवट मात्र चुकवून चालणार नाही, कारण सबंध चित्रपटातला सर्वांत चिडवणारा आणि माझ्या मते सर्वांत नीट लिहिलेला भाग तोच आहे. म्होरक्या झोईच्या गोळीने पडतो, उरलेल्या टोळीला शेजारी येऊन संपवतात, आणि क्षणभर वाटते की माणुसकी जागी झाली. पण शेजाऱ्यांना सँडिन हवे असतात ते स्वतःच मारण्यासाठी. आम्हाला यंत्रणा विकून तुम्ही आपले घर वाढवलेत, हा त्यांचा साठलेला राग. संध्याकाळी बिस्किटे घेऊन आलेली शेजारीण ग्रेस आता बंदूक घेऊन आली आहे. जेम्स मेलेला असतो. मेरी आणि मुलांना सोडवतो तो दार उघडून आत घेतलेला तोच अनोळखी माणूस, आणि शेजाऱ्यांचे काय करायचे हे तो मेरीला विचारतो. थरारपटाच्या रीतीने इथे प्रेक्षकाचा हिशेब पूर्ण व्हायला हवा. मेरी म्हणते, आज रात्री आणखी कुणी मरणार नाही. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, खुनी आणि बळी, आणि सकाळच्या सातची वाट बघतात. चित्रपटगृहात ज्याला रक्त हवे होते त्याला इथे फक्त घड्याळ मिळते. ग्रेस मध्येच बंदुकीवर झडप घालते तेव्हा मेरी तिचे तोंड फोडते, मारत नाही. एवढाच काय तो निचरा. भोंगा वाजतो, शेजारी आपापल्या घरी जातात, आणि हेच लोक सँडिनांना अजून वर्षभर रोज दिसणार आहेत. तो माणूसही निघून जातो. त्या बारा तासांत सँडिनांनी त्याला पडद्यावर पाहिले, आत घेतले, शोधले, बांधले, दुखवले आणि शेवटी त्याच्यामुळे जगले. श्रेयनामावलीतही तो ‘रक्ताळलेला अनोळखी’ एवढाच राहतो. त्याचे नाव डांटे बिशप आहे हे कळायला 2016 चा तिसरा चित्रपट यावा लागला.